रोग म्हशीला, औषध पखालीला!

मंडळी, आजचा लेख भांडणाचा आहे. भांडण कोणा माणसाशी नाही, एका सल्ल्याशी आहे.

१९८०च्या आसपासची, नाणं टाकून उभ्याउभ्या खेळायची व्हिडिओ गेमची यंत्रं तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. कपाटाएवढं लाकडी खोकं, त्यात तिरका बसवलेला काचेचा पडदा, खाली एक दांडा आणि दोन-तीन बटणं. अमेरिकेत हौशी लोकांनी ही यंत्रं आपापल्या तळघरांत जपून ठेवली आहेत. त्यातल्या एखाद्याचा पडदा बिघडला की जाणकार म्हणवणारे लोक दोनपैकी एक सल्ला देतात. पहिला : "ती जुनी पिक्चर ट्यूब आणि तिचा बोर्ड काढून फेका, एलसीडी बसवा." दुसरा : "बोर्डावरचे सगळे कंडेन्सर बदलून टाका, मग बघू."

हे दोन सल्ले वरवर उलट वाटतात. एक म्हणतो फेका, दुसरा म्हणतो दुरुस्त करा. पण दोघांत एक गोष्ट सारखी आहे. बोर्ड कोणता आहे आणि त्यावर नेमकं काय बिघडलंय, हे दोघेही विचारत नाहीत. माझं म्हणणं सरळ आहे. आधी बोर्ड ओळखा, मग दोष शोधा, मग हत्यार उचला. हा क्रम मोडणाऱ्याने स्वतःला दुरुस्ती करणारा म्हणवू नये.

आता नातेवाईक विचारणार, "काका, तुम्ही मराठीचे मास्तर. तुमचा आणि व्हिडिओ गेमच्या बोर्डांचा काय संबंध?" संबंध एवढाच की धाकटा मुलगा इलिनॉयमध्ये राहतो, त्याच्या तळघरात असं एक यंत्र आहे, आणि तिकडच्या दोन हिवाळ्यांत बाहेर बर्फ असताना मी त्या यंत्राची माहितीपुस्तकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. बी.ए. मराठीच्या माणसाला ती समजतात, हाच माझ्या म्हणण्याचा पहिला पुरावा समजा.

हा मॉनिटर म्हणजे काय

हा मॉनिटर म्हणजे चॅनेल पकडायची सोय नसलेला टीव्ही. ही नुसती उपमा नाही. १९७२ साली अटारी कंपनीच्या ॲलन अल्कॉर्न यांनी 'पाँग'चं पहिलं यंत्र बनवलं तेव्हा दुकानातून हिताचीचा साधा कृष्णधवल टीव्ही विकत आणून खोक्यात बसवला होता. पुढे खास यंत्रांसाठी मॉनिटर बनू लागले, पण कूळ तेच राहिलं.

आत डोकावलं तर मोठी काचेची ट्यूब दिसते. तिच्या मानेवर तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, तिला योक म्हणतात. मानेच्या टोकाला एक छोटा बोर्ड खोवलेला असतो आणि खाली मुख्य बोर्ड. मानेतून निघालेला इलेक्ट्रॉनचा झोत काचेच्या आतल्या लेपावर आदळतो आणि तिथे उजेड पडतो. योक त्या झोताला डावी-उजवीकडे आणि वर-खाली फिरवतो. साध्या मॉनिटरवर सेकंदाला सुमारे १५,७०० आडव्या रेघा ओढल्या जातात. सेकंदाला साठ वेळा पडदा भरायचा, म्हणजे एका भरण्यात सुमारे २६० रेघा. झोत ओढून घ्यायला वीस हजार व्होल्टच्या आसपासचा दाब लागतो. तो फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर तयार करतो. आपल्याकडचे टीव्ही दुरुस्त करणारे त्यालाच 'एलओटी' म्हणत.

गेमचा बोर्ड वेगळा आणि मॉनिटरचा बोर्ड वेगळा, हेही लक्षात असू द्या. गेमचा बोर्ड काय दाखवायचं ते ठरवतो, मॉनिटरचा बोर्ड ते काचेवर उमटवतो. बरेच गोंधळ हा फरक न कळल्याने होतात.

नाव विचारा

वर्गात नवा मुलगा आला तर मास्तर आधी त्याचं नाव विचारतात, छडी नंतर. बोर्डाचंही तसंच आहे.

शिकागोच्या वेल्स-गार्डनरचे के४६००, के४९००, के७००० हे मॉनिटर अमेरिकेत ठिकठिकाणी सापडतात. कॅनडातल्या किचनर गावच्या इलेक्ट्रोहोमचा जी०७ तितकाच प्रसिद्ध. जपानी यंत्रांत नानाओ (आजची आयझो कंपनी) आणि सान्यो, युरोपातल्या यंत्रांत इटलीची हान्तारेक्स. नाव बहुधा बोर्डावर छापलेलं किंवा लोखंडी चौकटीवर चिकटवलेलं असतं. चिठ्ठी निघून गेली असली तरी चेहरा बोलतो. के४६००मध्ये मुख्य बोर्डात छोटे बोर्ड खोवलेले असतात. जी०७मध्ये मानेवरचा तुकडा सोडला तर जवळजवळ सगळं एका सपाट बोर्डावर. के७०००चा बोर्ड आटोपशीर, आणि चित्राचा आकार-उंची जुळवायच्या खुंट्या लांब वायरीच्या टोकाला वेगळ्या पट्टीवर.

"पण नावाने काय फरक पडतो? सगळे टीव्हीच ना?" हा प्रश्न मला एका दुरुस्तीच्या दुकानात खुद्द दुकानदाराने विचारला. फरक पडतो तो असा.

जी०७ घ्या. त्याचा बोर्ड भिंतीतली वीज ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट घेतो, म्हणजे बोर्डाची 'जमीन' जिवंत असते. म्हणून खोक्यात मॉनिटरच्या आधी एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असतो, जो वीज तेवढीच देतो पण भिंतीशी थेट नातं तोडतो. ज्याला बोर्डाचं नाव माहीत नाही तो मॉनिटर बाहेर काढतो, टेबलावर ठेवतो, भिंतीत पिन खुपसतो आणि गेमचा बोर्ड जोडतो. मोठा आवाज होतो. मग हाच माणूस सांगत सुटतो की जुन्या मॉनिटरचा भरवसा नाही!

दुसरं उदाहरण सान्योच्या २०ईझेडचं. १९८१च्या 'डाँकी काँग'मध्ये निन्टेंडोने हा मॉनिटर वापरला. याला रंगांचा संदेश उलटा लागतो, आणि निन्टेंडोचा बोर्ड तसा उलटा देतोही. यालाच दुसऱ्या कंपनीच्या गेमचा बोर्ड जोडला तर चित्र फोटोच्या निगेटिव्हसारखं दिसतं. आता नाव न विचारणारा इथे आठवडाभर रंगाचे ट्रान्झिस्टर बदलत बसेल. ट्रान्झिस्टर बिचारे ठणठणीत असतात.

तिसरं, सगळे गेम सेकंदाला १५,७०० रेघाच मागतात असंही नाही. काही सुमारे २४ हजार मागतात, काही ३१ हजार. मागणी एक आणि पुरवठा दुसरा झाला की चित्र फाटतं, तिरकं धावतं. मॉनिटर बिघडलेला नसतोच, सोयरीक चुकलेली असते.

आणि चौथं म्हणजे 'युनिव्हर्सल किट'. आपल्याकडे टीव्हीचा बोर्ड गेला की "किट बसवून टाकू" म्हणायची पद्धत होती, आठवतंय? तिकडेही कोणत्याही ट्यूबला चालतील असे म्हणून तयार बोर्ड विकले जातात. पण योक आणि ट्यूब ही एकमेकांशी जुळवून बसवलेली जोडी असते, आणि योकच्या गुंडाळीचं मोजमाप बोर्डाशी जुळावं लागतं. जुळलं नाही तर चित्र आखडतं, बोर्ड तापतो, आणि काही दिवसांनी तोही जातो.

फळ्यावरचा खडू

या यंत्रांत एक वेगळीच जात आहे, तिच्यावर तर फार अन्याय होतो. नेहमीच्या मॉनिटरवर झोत वहीच्या रेघांसारखा ओळीने जातो. या दुसऱ्या जातीत, म्हणजे व्हेक्टर मॉनिटरमध्ये, झोत फळ्यावरच्या खडूसारखा हवा तिथे थेट रेघ ओढतो. १९७९चा 'ॲस्टेरॉइड्स' असा आहे. त्यात इलेक्ट्रोहोमचा जी०५ किंवा वेल्स-गार्डनरचा १९व्ही२००० असतो. १९८१च्या 'टेम्पेस्ट'मध्ये वेल्स-गार्डनरचा रंगीत १९के६१०० असतो. 'ॲस्टेरॉइड्स'मधली गोळी काळ्याभोर पडद्यावर ठिणगीसारखी चमकते, कारण झोत त्या एका ठिपक्यावर क्षणभर थांबतो.

६१०० मॉनिटर ओळखणं अगदी सोपं. त्याचे मोठे ट्रान्झिस्टर बोर्डावर नसतात, धातूच्या चौकटीवर बसवलेले असतात, आणि जास्त दाबाचा भाग वेगळ्या जाळीच्या पेटीत असतो. या बोर्डावर एक छोटा लाल दिवा आहे. झोत हलायचा थांबला तर एकाच जागी पडून काचेचा लेप जळेल, म्हणून बोर्ड स्वतःच झोत बंद करतो आणि दिवा लावतो. किती शहाणी योजना आहे! तो दिवा लागला याचा अर्थ एकतर गेमचा बोर्ड रेघा काढायचे हुकूम पाठवत नाही, नाहीतर झोत फिरवणारा भाग अडला आहे. आपला जाणकार मात्र काळा पडदा पाहतो आणि म्हणतो, "ट्यूब गेली." बोर्ड लाल दिवा लावून आपलं दुखणं सांगतोय, आणि वैद्य नाडी न बघता तिरडीची तयारी करतोय.

चित्रच दोष सांगतं

ओळख पटली की पुढची पायरी दोष शोधण्याची. इथे तर्काशिवाय दुसरं काही लागत नाही, आणि तो शाळेत शिकवता येतो.

समजा संपूर्ण चित्राऐवजी एकच ठळक आडवी रेघ दिसतेय. घाबरू नका, ती रेघ वाचा. उजेड दिसतोय, म्हणजे वीस हजारांचा दाब तयार होतोय, ट्यूब जिवंत आहे. रेघ पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आहे, म्हणजे डावं-उजवं फिरवणारा भाग काम करतोय. हलत नाही ते फक्त वर-खाली. म्हणजे एका नजरेत बोर्डाचा मोठा भाग निर्दोष सुटला, आणि संशय राहिला तो वर-खाली फिरवणाऱ्या भागावर : त्याचे ट्रान्झिस्टर, दोन-चार रोधक, कंडेन्सर आणि योकपर्यंतची जोडणी. (उजेड आधी कमी करा, नाहीतर ती रेघ काचेत कायमची जळून बसेल.)

यात एक गंमत आहे. 'पॅकमॅन'सारख्या गेममध्ये मॉनिटर आडवा पाडून बसवलेला असतो, कारण खेळाचं मैदान उभट आहे. तिथे हाच दोष उभी रेघ म्हणून दिसतो. उभी रेघ पाहून डाव्या-उजव्या भागाला औषध देणारे वैद्य मी पाहिले आहेत.

आमच्या घरच्या यंत्राचं नेमकं हेच झालं. १९८०चा 'पॅकमॅन', आत जी०७, पडद्यावर एक उभी रेघ. जवळच्या दुकानाने फोनवरच निदान सांगितलं : मॉनिटर संपला, एलसीडी घ्या. ओळखीच्या एका हौशी गृहस्थांनी कंडेन्सरचं पाकीट आणायला सांगितलं. मुलाने आणि मी नकाशा पसरला आणि वर-खाली भागाची वाट बोटाने धरून चाललो. योकची वायर जिथे बोर्डात शिरते तिथल्या एका पिनेभोवती डाग फुटून बारीक गोल भेग पडली होती. भिंगातून स्पष्ट दिसली. आपले टीव्हीवाले 'ड्राय सोल्डर' म्हणत तीच. मुलाने तिथे नवा डाग दिला, चित्र उघडलं. खर्च किती? बोटभर सोल्डर. नवे कंडेन्सर घातले असते तर ती भेग तशीच राहिली असती, आणि एलसीडी घेतला असता तर चांगला मॉनिटर कचऱ्यात गेला असता.

दुसरं उदाहरण. चित्रात लाल रंगच नाही. दोष गेमच्या बोर्डात की मॉनिटरमध्ये? यंत्र बंद करा, मॉनिटरकडे येणाऱ्या लाल आणि हिरव्या वायरींची अदलाबदल करा, पुन्हा चालू करा. आता हिरवा गायब झाला आणि लाल आला, तर मॉनिटर निर्दोष, दोष येणाऱ्या संदेशात. लाल अजूनही गायब, तर दोष मॉनिटरमध्ये, आणि बहुधा मानेवरच्या छोट्या बोर्डात. पाचवीच्या मुलाला पटेल इतकी सोपी युक्ती आहे.

तिसरं, काहीच लागत नाही आणि फ्यूज उडालाय. बरेचदा आडवा झोत फिरवणारा मोठा ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असतो. तो बदलणं पाच मिनिटांचं काम. पण तो का गेला हे विचारायला हवं. फ्लायबॅक आतून शॉर्ट आहे का? बोर्डाचा मुख्य दाब, जी०७मध्ये १२० व्होल्ट, नेमका तेवढाच आहे का? तिकडचे कारागीर त्या ट्रान्झिस्टरची वाट तोडून त्याच्या जागी साधा पिवळा बल्ब भार म्हणून जोडतात आणि दाब मोजतात. आपल्याकडचा इलेक्ट्रिशियन सिरीज बोर्डावर बल्ब लावून शॉर्ट पाहतो, त्याचाच हा चुलतभाऊ. कारण न शोधता ट्रान्झिस्टर बदलला तर नवाही सलामी देऊन जातो.

गाईड वाचून पास होणारे

आता त्या कंडेन्सरच्या पाकिटाबद्दल. ठरावीक मॉनिटरसाठी लागणारे सगळे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर एका पाकिटात घालून विकतात. वस्तू चांगली आहे, मीही ती नाकारत नाही. या कंडेन्सरांत ओलसर रसायन असतं, उष्णतेने ते चाळीस वर्षांत सुकतं. त्याने चित्र थरथरतं, वरच्या बाजूला दुमडतं, कडा आत येतात. मॉनिटर चालू झाल्यावर, पुढची वर्षं नीट जावीत म्हणून सगळे बदलले तर ते शहाणपणच.

माझं भांडण आहे ते निदानाच्या जागी पाकीट वापरण्याशी. फुटलेला डाग, शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर, उडालेला रोधक, तुटलेली वायर, यांतलं काहीही कंडेन्सरने बरं होत नाही. वर नवे दोष पदरात पडतात. वीस-तीस ठिकाणी तापवलेल्या जुन्या बोर्डावरची तांब्याची पट्टी उचकटते, एखादा कंडेन्सर उलटा बसतो. आता आधीचा एक दोष आणि नवे दोन. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही. कंडेन्सरचा अंतर्गत विरोध बोर्डावरून न काढता मोजणारं ईएसआर मीटर मिळतं. ते लावलं तर कोण सुकलाय आणि कोण धडधाकट आहे हे काही मिनिटांत कळतं. पण मोजायचं म्हणजे विचार करायचा, आणि तोच तर टाळायचा आहे.

मी छत्तीस वर्षं शिकवलं. प्रश्न न वाचता गाईडमधलं पाठ उत्तर उतरवणारी मुलं मी ओळखतो. कधीकधी उत्तर जुळतं आणि मार्क मिळतात. मग मुलाची खात्री होते की प्रश्न वाचायची गरजच नाही. पाकीट घालून चालू झालेला मॉनिटर नेमकं हेच शिकवतो, म्हणून मला त्या यशाची जास्त भीती वाटते.

एलसीडीवाल्यांचे तीन मुद्दे

एलसीडीच्या बाजूने तीन मुद्दे मांडले जातात. प्रत्येकाचं उत्तर देतो.

पहिला : "भाग मिळत नाहीत." रोधक, डायोड, कंडेन्सर आजही मिळतात. बऱ्याच जुन्या ट्रान्झिस्टरांना पर्याय आहेत. प्रचलित मॉनिटरचे फ्लायबॅक नव्याने बनवलेले मिळतात. ६१००च्या कमी दाबाच्या भागासाठी हौशी लोकांनीच सुधारित बोर्ड तयार केले. मिळत नाही ती ट्यूब. तिच्याकडे पुढे येतो.

दुसरा : "धोकादायक आहे." हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. यंत्र बंद केल्यावरही ट्यूबमध्ये भार राहू शकतो, तो योग्य रीतीने ट्यूबच्या जमिनीत उतरवल्याशिवाय हात घालायचा नसतो. मान नाजूक असते, धक्का लागून तुटली तर ट्यूब संपली. ज्याला हे शिकायचं नाही त्याने आत हात घालू नये, जाणत्याला बोलवावं, यात कमीपणा नाही. पण धोका आहे म्हणून शिका असं म्हणायचं की धोका आहे म्हणून फेका? विहिरीत माणूस बुडतो म्हणून आपण पोहायला शिकवतो, गावातल्या विहिरी बुजवत नाही.

तिसरा : "चित्र तेच दिसतं." नाही दिसत. जुन्या गेमच्या चित्रकारांनी रंग भरले ते या काचेवर बघून. दोन रेघांमधली काळी फट, ठिपक्यांच्या मऊ कडा, हे धरून चित्र काढलेलं होतं. एलसीडीवर तेच चित्र फरशीच्या तुकड्यांसारखं दिसतं. बदल करणारं उपकरण मध्ये आलं की बटण दाबणं आणि पडद्यावर घडणं यांत थोडा उशीर होऊ शकतो, आणि हे खेळ तर क्षणाचे. १९८४च्या 'डक हंट'मधली बंदूक काचेवर त्या क्षणी पडणारा उजेड टिपते, ती एलसीडीसमोर आंधळी होते. आणि व्हेक्टर गेमबद्दल तर बोलायलाच नको. एलसीडीवर रेघ ठिपक्यांनी बनवावी लागते. खडूने ओढलेली रेघ आणि तिचा छापील फोटो यांतला फरक मास्तराला सांगावा लागत नाही.

शिकागोजवळ ब्रुकफिल्ड गावात 'गॅलपिंग घोस्ट' नावाचं ठिकाण २०१०पासून चालू आहे. तिथे अशी शेकडो यंत्रं खेळती ठेवली आहेत. रोज लोक बडवतात तरी ती चालतात, कारण तिथे कोणीतरी रोज दोष शोधून काढतं.

जे गेलं ते गेलं

आता ट्यूबबद्दल. रंगीत पिक्चर ट्यूब बनवणारे मोठे कारखाने एकामागून एक बंद झाले. या यंत्रांसाठी नवी ट्यूब कोणी बनवत नाही, आणि तो कारखाना पुन्हा उभा राहील अशी आशा मला नाही. म्हणजे आज जगात जेवढ्या आहेत तेवढ्याच. मॉनिटर बंद पडतो तेव्हा बरेचदा दोष बोर्डात असतो, ट्यूब चांगली असते. "काढून फेका" म्हणणारा बोर्डाच्या एका भेगेपायी, पुन्हा कधीही न मिळणारी वस्तू फेकायला सांगतो. हात मोडला म्हणून माणूस पुरायला काढण्यातला हा प्रकार.

आणखी एक गोष्ट या फेकण्यात जाते. अटारी आपल्या यंत्रासोबत बोर्डाचे पूर्ण नकाशे देत असे. वेल्स-गार्डनर, इलेक्ट्रोहोम यांच्या पुस्तकांत नकाशा, भागांची यादी आणि दोष शोधायची पद्धत असे. रँडी फ्रॉम नावाच्या गृहस्थांनी तर यंत्रदुरुस्तीच्या शाळा घेतल्या आणि मॉनिटरसाठी "हे दिसलं तर इकडे जा, ते दिसलं तर तिकडे" असे पायरीपायरीचे तक्ते छापले. बनवणाऱ्याने गृहीत धरलं होतं की घेणारा माणूस वाचेल, समजेल आणि दुरुस्त करेल. आज हातात मोबाइल असतो, त्याच्या पोटात काय आहे याचा कागद कोण देतो? ज्या वस्तूंसोबत असा विश्वास दिला गेला होता, निदान त्या तरी न वाचता फेकू नका.

तर परदेशातल्या माझ्या भाच्यांनो, पुतण्यांनो, आणि ज्यांच्या तळघरात, गॅरेजमध्ये असं खोकं आहे त्या सर्वांनो, एवढं करा. मॉनिटर बिघडला तर कोणाला विचारण्याआधी बोर्डावरचं आणि चौकटीवरचं नाव-नंबर लिहून घ्या. पडद्यावर काय दिसतं त्याचा फोटो काढा. त्या मॉनिटरचं पुस्तक शोधा, जुनी पुस्तकं आता चकटफू वाचायला मिळतात. मग जाणत्याकडे जा. त्याने नाव न विचारता एलसीडी किंवा पाकीट सुचवलं, तर त्याला नम्रपणे चहा पाजा आणि दुसरा माणूस शोधा.

ज्यांना माझं पटलं नसेल त्यांनी जरूर भांडावं. फक्त भांडताना आपला बोर्ड कोणता ते आधी लिहावं.